बिनव्हाउचरचे अश्रू

व्हाउचरशिवाय नोंद नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं आणि शेवटचं तत्त्वज्ञान. कॅशियरच्या स्वप्नात दहा हजार रुपये आले तरी सकाळी उठून त्याने त्यांचं व्हाउचर शोधावं, अशी आमची शिकवण. अशा शिकवणीत मुरलेल्या माणसाने, म्हणजे मी, बी.कॉम., वय वर्षं सेहेचाळीस, काउंटरचा अनुभव वीस वर्षं (हल्ली आम्हाला क्लार्क म्हणत नाहीत, असोसिएट म्हणतात, काम तेच), अशा या माणसाने दर दोन-तीन वर्षांनी एका म्हाताऱ्यासाठी डोळे पुसावेत, आणि तो म्हातारा असा की जो कधी जन्मालाच आला नाही, मेला मात्र 1908 साली आणि तोही छापील, हे कोणत्या नियमात बसतं?

म्हाताऱ्याचं नाव मॅथ्यू कथबर्ट. गाव ॲव्हनली, बेट प्रिन्स एडवर्ड, देश कॅनडा. पुस्तक 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स', लेखिका लुसी मॉड माँटगोमेरी. पुस्तक मुलींचं. ही गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला गालातल्या गालात हसायला वेळ मिळेल. आमच्या ताईने ते रद्दीवाल्याकडून किलोच्या भावात आणलं होतं आणि मी ते अकरावीच्या पुस्तपालनाच्या पुस्तकाला आतून लावून वाचलं. बरोबरीची मुलं पुस्तपालनात दुसरंच काहीतरी लपवून वाचत. पकडलो असतो तर त्यांची अब्रू वाचली असती, माझी गेली असती.

गोष्ट थोडक्यात अशी. मॅथ्यू आणि त्याची बहीण मरिला, दोघंही बिनलग्नाची, उतारवयाची. शेतीच्या कामाला हाताशी असावा म्हणून अनाथाश्रमातून एक मुलगा मागवतात. निरोपाचा घोटाळा होतो आणि स्टेशनावर बसलेली असते तांबड्या केसांची, अखंड बडबड करणारी अकरा वर्षांची मुलगी. वस्तुविक्री अधिनियम, 1930 वाचलेला कोणताही वाणिज्य शाखेचा विद्यार्थी सांगेल, माल वर्णनाबरहुकूम नसेल तर ग्राहकाला तो परत करता येतो. मरिलाचंही मत तेच. ही पोर आपल्या काय उपयोगाची, असा तिचा रोकडा सवाल. मॅथ्यूच्या मनात येतं की आपण तिच्या काही उपयोगी पडू शकू. चुकीची नोंद उलटवायची, म्हणजे आमच्या भाषेत रिव्हर्स करायची, एवढंच मला तोवर शिकवलं होतं. चुकीची नोंद तशीच ठेवली आणि ताळेबंद त्यामुळेच जुळला, असं प्रकरण मी पहिल्यांदाच पाहत होतो.

ॲन आपल्या नावाच्या शेवटी इंग्रजी 'ई' असलाच पाहिजे म्हणून हटून बसते. त्यावाचून नाव कसं उघडंबोडकं दिसतं म्हणते. देवनागरीत त्या 'ई'ला ठेवायला जागाच नाही. शेवटी 'ई' असलेली ॲन आणि नसलेली ॲन आपल्याकडे एकाच रांगेत उभ्या राहतात. तिला हे कळलं असतं तर तिने मराठी वाचकांवर बहिष्कार टाकला असता.

मॅथ्यूला बायकांशी बोलायची भयंकर भीती. पोरीला फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक घ्यावा म्हणून तो दुकानात जातो. काउंटरवर नेमकी बाई. तो गांगरतो आणि भर हिवाळ्यात बागेचं दाताळं आणि वीस पौंड तांबडी साखर घेऊन घरी येतो. वीस पौंड म्हणजे नऊ किलो! काउंटरच्या या बाजूला बसून मी असे मॅथ्यू रोज पाहतो. येतात मुदत ठेव मोडायला आणि पासबुकात नोंद करून, 'बरं आहे ना साहेब?' विचारून निघून जातात. खरं काम जिभेवर येत नाही.

एकूण आठ पुस्तकं. ॲन मोठी होते, मास्तरीण होते, कॉलेजला जाते, ज्याच्या डोक्यात तिने पाटी फोडली त्याच गिल्बर्टशी लग्न करते, सहा मुलांना वाढवते. शेवटी पहिल्या महायुद्धात तिचा कवी मुलगा पडतो. आता यातही हिशेबनिसाच्या नजरेला एक गोष्ट खुपते. चौथं पुस्तक 1936 साली आलं आणि सहावं 1939 साली. आठवं तर 1921 लाच येऊन गेलं होतं. म्हणजे मागच्या तारखेने नोंदी! आमच्याकडे इन्स्पेक्शनला सापडलं असतं तर मेमो ठरलेला.

आता बेट. क्षेत्रफळ सुमारे 5,660 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून जरासं मोठं. माती लाल, लोखंडाच्या गंजाने लाल झालेली. शेती बटाट्याची, किनारे लालसर खडकाचे, हिवाळ्यात सगळं बर्फाखाली. मी ते पाहिलेलं नाही. पण ॲव्हनलीहून स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सफरचंदाच्या झाडांची कमान कुठे लागते आणि तळं कुठे चमकतं, हे मला आमच्या कॉलनीच्या गटारांपेक्षा नीट ठाऊक आहे. 1997 साली त्या बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा 12.9 किलोमीटरचा पूल झाला. या पुलाची गंमत अशी, की बेटावर जाताना टोल लागत नाही, बेट सोडताना लागतो. ज्याने कोणी ही योजना आखली त्याने ही पुस्तकं वाचली असणारच, अशी माझी खात्री आहे.

कॅव्हेंडिश नावाच्या गावात ते हिरव्या गेबलांचं घर आजही आहे. लेखिकेच्या आजोबांच्या चुलत नात्यातले एक बहीणभाऊ तिथे राहत. लेखिका स्वतः राहायला होती जवळच, आजी-आजोबांकडे. आई ती एकवीस महिन्यांची असताना गेली आणि वडील पुढे पश्चिमेकडे निघून गेले. म्हणजे त्या घरात लेखिका राहिली नाही, नायिका तर मुळात नव्हतीच. तरीही तिथे ॲनची खोली आहे, खोलीत फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक टांगलेला आहे, आणि लोक तिकीट काढून तो बघतात. जपानहूनही येतात. हानाको मुराओका नावाच्या बाईंनी युद्धाच्या काळात, शत्रूच्या भाषेतलं पुस्तक म्हणून लपवतछपवत, त्याचं भाषांतर केलं. ते 1952 साली छापून आलं आणि जपानने ही तांबड्या केसांची पोर दत्तकच घेतली. इतक्या लोकांचं एकाच वेळी डोकं फिरलं असेल असं मानणं बँकेच्या नोकरीतही अवघड आहे.

पण विद्वानांना ते तसंच वाटतं. 1975 साली कॉलिन रॅडफर्ड नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने एक निबंध लिहून नेमका हाच प्रश्न उभा केला. दुःख व्हायला आधी कुणाचंतरी वाईट झालं आहे असा आपला विश्वास हवा. गोष्टीतलं माणूस खरं नाही हे आपल्याला पक्कं माहीत असतं. मग रडता कशाला? त्याचा निष्कर्ष असा, की हे रडणं कितीही स्वाभाविक असलं तरी विसंगत आहे. उदाहरणाला त्याने टॉलस्टॉयची ॲना घेतली. आमच्या ॲनपर्यंत तो आला असता तर निदान रुमाल तरी काढला असता. पण मुद्दा त्याने खणखणीत मांडला आहे, आणि तो इन्स्पेक्टरचा मुद्दा आहे: व्हाउचर कुठे आहे?

मी शोधायला लागलो. मॅथ्यू मरतो तो बँक बुडाल्यामुळे. घरातली सगळी पुंजी ॲबी बँकेत. म्हातारा ॲबी वडिलांचा स्नेही, तो जिथे आहे ती बँक चांगलीच असणार, हा मॅथ्यूचा हिशेब. प्रत्यक्षात म्हातारा नावापुरता, कारभार पुतण्यांच्या हातात. मरिला म्हणते, पैसे काढून आणू या. तो म्हणतो, बघतो. मग रसेल नावाचे एक गृहस्थ त्याला सांगतात, बँक ठीक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर येतो, आणि आधीच अधू असलेलं मॅथ्यूचं हृदय उंबऱ्यातच थांबतं. पेपर हातात.

वाचकहो, स्नेह्याची बँक, नावापुरता अध्यक्ष आणि कारभारी पुतणे, हे वाचताना कॅनडा आठवला का तुम्हाला?

त्याच बेटावर 1881 साली 'बँक ऑफ प्रिन्स एडवर्ड आयलंड' खरोखरच बुडाली होती. लेखिका तेव्हा सात वर्षांची. एवढ्याशा बेटावर बँक बुडाली की तिची गोष्ट पुढे पंचवीस वर्षं तरी ओसरीवर चघळली जाते. कॅव्हेंडिशच्या शेजारी, रस्टिकोत, 1864 सालापासून शेतकऱ्यांची एक चिमुकली बँक होती. एका पाद्रीबाबांच्या पुढाकाराने उभी राहिलेली, गरीब शेतकऱ्यांना बियाण्यापुरतं कर्ज देणारी. तीस वर्षं चालली. तिची लाल दगडाची इमारत आजही आहे. तेव्हा बँकेपुरतं व्हाउचर मिळालं म्हणायचं. बेटावरच्या प्रेमाचंही मिळालं. लेखिका 1911 साली लग्न होऊन ऑन्टॅरिओत गेली आणि 1942 साली तिकडेच वारली. आठातली सहा पुस्तकं तिने बेटाबाहेर बसून लिहिली. संसार कष्टाचा, नवऱ्याला मनाचा आजार, दुसरा मुलगा 1914 साली जन्मतःच गेलेला. तीन वर्षांनी आलेल्या पुस्तकात ॲनचं पहिलं बाळ एक दिवसही जगत नाही. म्हणजे पाहुणा म्हणून अधूनमधून जायचं एवढं सोडलं, तर ते बेट तिलाही माझ्यासारखं मनातच ठेवावं लागलं. मेल्यावर मात्र तिला कॅव्हेंडिशला नेऊन पुरलं.

मॅथ्यूचं व्हाउचर काही सापडेना. आणि त्यात एक दिवस घरातच खरा मॅथ्यू निघाला.

माझ्या एका चुलत्यांची निवृत्तीची रक्कम एका पतसंस्थेत अडकली. चेअरमन त्यांचे शाळासोबती. मी सात वेळा सांगितलं होतं, काका, विभागून ठेवा. ते म्हणाले, बघतो. संस्थेला कुलूप लागलं त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ते रडले नाहीत. म्हणाले, 'ये. चहा घेणार ना?' आणि मीही रडलो नाही. मी खिशातून पेन काढलं, पावत्यांचे नंबर उतरवून घेतले, अर्जाचा मसुदा केला, सहकार खात्याच्या कचेरीत कोणत्या टेबलावर जायचं ते लिहून दिलं. पुढचं वर्षभर रजा टाकून त्यांच्याबरोबर हेलपाटे घातले.

आमची ही म्हणाली, "अहो, त्या कॅनडातल्या म्हाताऱ्यासाठी टॉवेल भिजवता. सख्ख्या काकांसाठी एक थेंब नाही?"

हा प्रश्न रॅडफर्डच्या प्रश्नापेक्षा अवघड होता, कारण विचारणारी रोज समोर असते. दोन दिवस मी उत्तर शोधत होतो. मग सुचलं ते असं. काकांसाठी भरायला फॉर्म होता. मॅथ्यूसाठी कुठलाच फॉर्म नाही. त्याचा क्लेम लागत नाही, त्याला ठेव विम्याचे पाच लाख मिळत नाहीत (आपल्याकडे बँकांतल्या ठेवींना ती मर्यादा 2020 सालापासून आहे, पतसंस्थेला तेही नाही). कितीही वेळा वाचलं तरी तो त्याच सकाळी, त्याच उंबऱ्यात पडतो. जिथे हात चालवता येतात तिथे माणसाचे हात चालतात. जिथे काहीच करता येत नाही, तिथे मग दुसरं काय उरतं? आणि खरं सांगायचं तर काकांच्या पावत्या उतरवताना माझं अक्षर जे स्थिर राहिलं, ते मॅथ्यूपायी मी आधीच बरंच रडून घेतल्यामुळे, असा मला दाट संशय आहे.

हिला हे पटलं नाही. ती म्हणाली, "चहा घेतलात ना त्यांच्याकडे? तो घ्यायला नको होता." तिचा नैतिक विचार असा थेट असतो.

मला मात्र अलीकडे मॅथ्यूपेक्षा रसेल जास्त छळतो. पुस्तकात त्याला एक ओळ आली आहे. तो लबाड होता की भाबडा, बाई सांगत नाहीत. पण काउंटरवर वीस वर्षं बसलेल्या माणसाला रसेल कळतो. पेपरात कुठल्यातरी बँकेची बातमी आली की आमच्या खिडकीशी चष्मेवाली गर्दी होते. 'साहेब, आपली बँक ठीक आहे ना?' आता काय सांगावं? धडधाकट बँकेबद्दलही चार माणसांना 'काढून घ्या' म्हटलं तर संध्याकाळपर्यंत चारशे येतात, आणि सगळेच एकदम आले तर धडधाकट बँकही आडवी होते. 'ठीक आहे' म्हणावं, तर ते माझ्या अधिकारात आहे का? ताळेबंद मी छापील वाचतो, तुमच्याइतकाच. समोरचा मात्र आकडे विचारत नसतो. त्याला माझा चेहरा बघायचा असतो. रसेलने मॅथ्यूला चेहरा दाखवला. तो त्याने दाखवायला हवा होता की नको, यावर माझे शाखेतल्या सहकाऱ्यांशी डबा खाताना दोनदा कडाक्याचे वाद झाले. निम्म्यांचं मत, रसेलने हात वर करायला हवे होते. उरलेल्यांनी रसेलचं बँकेत डिपॉझिट किती होतं असं विचारलं. हा प्रश्न मला फार मार्मिक वाटला.

आमची कन्या बारा वर्षांची आहे. ताईचं ते रद्दीतलं पुस्तक सध्या तिच्याकडे आहे, उघडपणे, पुस्तपालनाच्या आडोशाशिवाय. वीस पौंड साखरेवर ती इतकी हसली की शेजारी चौकशीला आले. परवा रात्री ती छत्तिसाव्या प्रकरणावर होती. पुढच्या प्रकरणात काय आहे ते मला माहीत आहे. मी घड्याळ बघितलं, दहा वाजून गेले होते, सकाळी तिची शाळा होती.

पुस्तकातून डोकं वर न काढता तिने विचारलं, "बाबा, ती ॲबी बँक ठीक आहे ना?"

मी म्हटलं, "रसेलसाहेब म्हणालेत ना, ठीक आहे. झोप आता."