भय आणि भूल

दंतवैद्याच्या खुर्चीस भिणाऱ्याला आपण हसतों. पण भय हीही वेदनाच नव्हे काय? त्या भयापायीं उपचार लांबतो आणि कीड दांताच्या मुळापर्यंत जाते. ११ डिसेंबर १८४४ रोजीं अमेरिकेंतील हार्टफर्ड येथें होरेस वेल्स या दंतवैद्यानें नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली. रोग्यांआधीं त्यानें तो प्रयोग आपल्या देहावर केला, हें आम्हांस अर्थपूर्ण वाटतें. आज हा वायु प्राणवायूंत मिसळून देतात. रोगी जागा राहतो, बोलतो व थोड्याच मिनिटांत पूर्ववत् होतो. मिडॅझोलॅमसारखें औषध शिरेंतून दिल्यास गुंगी अधिक येते, घडलेलें बहुधा आठवतही नाहीं. पूर्ण भुलींत तर शुद्धच हरपते. भय जसजसें लोपतें, तसतसा आपला आपणांवरील ताबाही सुटतो, आणि धोकाही वाढतो. म्हणून आमचें मत असें कीं, भय शमेल इतकीच भूल घ्यावी, आणि ती रोग्यानें खुर्चींत बसण्यापूर्वीं, सर्व समजून घेऊन, स्वतः निवडावी. शुद्ध घटकाभर सोडावयाची असली, तरी ती कोणाच्या हातीं सोपवावी हें ठरविण्याचा अधिकार ज्याची ती त्याचाच.