सहा इंच, नऊ इंच

17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, उमरीत मला हमखास बोलायला उभं करतात. 1948 मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी मुक्तिसंग्रामासाठी इथली बँक कशी लुटली, ते मी पोटतिडकीने सांगतो. पेशाने मी वकील. झडती, पंचनामा हे माझं रोजचंच.

म्हणून विमानतळावरची ती सकाळ माझा पिच्छा सोडत नाही. रांगेत माझ्यापुढे नांदेडचे एक वृद्ध शीख बाबाजी होते. खांद्यावरून गातऱ्याचा पट्टा, त्यात छोटी कृपाण. जवान म्हणाला, "ये निकालिए." बाबाजी हळूच म्हणाले, "बेटा, ये तो चलती है."

खरंच चालते. देशांतर्गत विमानात पातं सहा इंचांपर्यंत आणि एकूण लांबी नऊ इंचांपर्यंत असेल, तर शीख प्रवाशाला कृपाण नेता येते. संविधानाच्या कलम 25 च्या स्पष्टीकरणातच कृपाण धारण करणं शीख धर्माचरणात धरलेलं आहे. डिसेंबर 2022 मध्ये या सवलतीविरुद्धची याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळली. हे सगळं मला ठाऊक होतं आणि मी घड्याळ बघत होतो.

बाबाजींनी गातरा डोक्यावरून काढला. कृपाण कपाळाला लावली, मग प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवली. त्यांची मोठी बॅग केव्हाच आत गेली होती. कृपाण तिथेच राहिली.

झडतीला माझा विरोध नाही. 1999 मध्ये काठमांडूहून निघालेलं विमान कंदाहारला नेलं गेलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण अटक झालेल्या बाईची झडतीसुद्धा बाईनेच, मर्यादा सांभाळून घ्यावी असं कायदा बजावतो. आरोपीसाठी हे मी कोर्टात ठणकावून मांडतो. बाबाजी तर आरोपीही नव्हते. "एकदा तुमच्या साहेबांना विचारून घ्या," एवढं म्हटलं असतं तरी पुष्कळ होतं. जवान कोवळा पोरगा होता, त्याला नियम कुणी नीट सांगितलाही नसेल.

सुरक्षेच्या कामात आडवं येऊ नये, अशी मी मनाची समजूत घातली. ते खोटं होतं. विमान चुकेल ही भीती होती, आणि संशयाची नजर आपल्याकडे वळेल ही त्याहून मोठी.

विमानात बाबाजी दोन रांगा पुढे बसले होते. त्यांचा हात सारखा कमरेपाशी जात होता, रिकामा परत येत होता.

घरी आल्यावर तो नियम मी कागदावर छापून पाकिटात ठेवला. त्या सकाळीही तो मला तोंडपाठ होता.