दिग्व्रत आणि बेटांची साखळी

मनुष्याने किती दूर जावे, हा प्रश्न बहुतेक धर्मपरंपरांनी तीर्थयात्रेच्या किंवा प्रायश्चित्ताच्या निमित्ताने हाताळला आहे. परंतु जाण्याचे अंतर हाच व्रताचा विषय मानून त्याला गृहस्थाच्या आचारात स्वतंत्र स्थान जैन श्रावकाचाराने दिले. श्रावकाचार म्हणजे श्रावकाने, अर्थात संसारात राहणाऱ्या जैनाने, पाळावयाच्या नियमांचे शास्त्र. त्यातील बारा व्रतांत अहिंसादी पाच अणुव्रतांच्या, म्हणजे गृहस्थाने पाळावयाच्या मर्यादित व्रतांच्या, पाठोपाठ, त्यांचा गुण वाढवणारी म्हणून तीन गुणव्रते येतात आणि त्यांतील पहिले दिग्व्रत होय. चार मुख्य दिशा, चार उपदिशा, वर आणि खाली अशा दहा दिशांना आपण कुठवर जाणार, याची सीमा श्रावक स्वतः आखतो आणि मरेपर्यंत ती ओलांडत नाही. बैलगाडीच्या आणि शिडाच्या जहाजाच्या काळात सांगितलेले हे व्रत आज कोणाला कालबाह्य वाटेल. वस्तुतः त्याची खरी कसोटी पाहणारा प्रवासी आजच्याच काळात अस्तित्वात आला आहे.

कॅरिबियन समुद्रातील बेटे खासगी विमानाने एकामागून एक पाहत जाणे, हा त्या प्रवासाचा सर्वांत शुद्ध नमुना म्हणता येईल. बेटे लहान आहेत, जवळजवळ आहेत, आणि आपल्या मालकीचे किंवा भाड्याचे विमान असेल तर सकाळची न्याहारी एका बेटावर, दुपारचे पोहणे दुसऱ्यावर आणि सूर्यास्त तिसऱ्यावर असा दिवस सहज घडतो. सेंट बार्थेलेमीची धावपट्टी जेमतेम ६५० मीटर असल्याने मोठी जेट विमाने तिथे उतरू शकत नाहीत. ती सुमारे ३० किलोमीटरांवरील सेंट मार्टिनला थांबतात आणि प्रवासी छोट्या विमानाने काही मिनिटांत पलीकडे जातात. साबा या अवघ्या १३ चौरस किलोमीटरांच्या ज्वालामुखी बेटाची धावपट्टी तर ४०० मीटरांची, म्हणजे नियमित प्रवासी वाहतूक चालणाऱ्या धावपट्ट्यांत जगातील सर्वांत आखूड आहे. या प्रवासाला वेळापत्रक नसते, रांग नसते, समुद्राच्या लहरीची वाट पाहावी लागत नाही. दिशा आणि अंतर यांनी माणसावर घातलेली जवळजवळ सर्व बंधने येथे पैशाने दूर केलेली असतात, आणि म्हणूनच व्रताची गरज आहे की नाही हा प्रश्न येथे निखळ स्वरूपात उभा राहतो.

दिग्व्रतामागचे कारण समजून घेतल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. बाराव्या शतकातील आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात या व्रताचे समर्थन करताना गृहस्थाला तापलेल्या लोखंडी गोळ्याची उपमा दिली आहे. गोळा दुष्ट नसतो, त्याला कोणाचे वाईट करायचे नसते. पण तो जिथे जिथे घरंगळतो तिथले जीव होरपळतात. गृहस्थ खातो, बांधतो, विकत घेतो, जाळतो, आणि हे सारे करीत तो हलतो, म्हणून त्याच्या हिंसेचे क्षेत्र त्याच्या संचाराच्या क्षेत्राइतके असते. सीमा आखली की निदान सीमेपलीकडील जीवसृष्टीला त्याच्यापासून अभय मिळते. याच कारणाने समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात असे म्हटले आहे की, दिग्व्रत घेणाऱ्या गृहस्थाची अणुव्रते सीमेबाहेरच्या प्रदेशापुरती महाव्रतांच्या, म्हणजे मुनींच्या पूर्ण व्रतांच्या, योग्यतेला पोचतात. ही कल्पना विलक्षण आहे. ज्या ठिकाणी मनुष्य कधीच जाणार नाही त्या ठिकाणाशी त्याचे नाते तुटत नाही, उलट तिथे तो साधूसारखा होतो. न जाणे हाही त्या भूमीशी वागण्याचा एक प्रकार ठरतो, आणि कदाचित सर्वांत आदराचा.

व्रतातील दोषांना जैन परिभाषेत अतिचार म्हणतात. तत्त्वार्थसूत्रात दिग्व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: वरची सीमा ओलांडणे, खालची ओलांडणे, आडव्या दिशांची ओलांडणे, क्षेत्रवृद्धी आणि स्मृत्यंतराधान. वरची सीमा ओलांडणे म्हणजे टीकाकारांच्या दृष्टीने पर्वतावर किंवा झाडावर चढणे. आकाश हीच नेहमीची वाट होईल हे त्यांच्या डोळ्यांपुढे असणे शक्य नव्हते, तरी दहा दिशांत ऊर्ध्व दिशा मोजण्याचा काटेकोरपणा त्यांनी दाखवला, हे महत्त्वाचे. क्षेत्रवृद्धी म्हणजे लोभापायी सीमा वाढवणे, एका दिशेची न वापरलेली मर्यादा दुसऱ्या दिशेला जोडून घेणे. मात्र पाचवा अतिचार सर्वांत सूक्ष्म आहे: आखलेली सीमा विसरून जाणे. येथे पाऊल पुढे पडले की नाही याला महत्त्व नाही, सीमा मनातून पुसली गेली एवढ्यानेच दोष घडतो. विमानाच्या खिडकीतून पाहणाऱ्याला एक बेट संपून दुसरे कधी सुरू झाले, मधला समुद्र कोणाचा होता, तो ओलांडायला पूर्वी किती दिवस आणि किती माणसे लागली, यांतले काही आठवावे लागत नाही. स्मृत्यंतराधान या शब्दासाठी याहून नेमके उदाहरण प्राचीन टीकाकारांना मिळाले नसते.

येथे कोणी म्हणेल की, हा विचार त्या बेटांवर राहणाऱ्यांच्या गरजेकडे पाठ फिरवतो. हा आक्षेप गंभीर आहे. साबाच्या रहिवाशाला मोठ्या उपचारासाठी बेटाबाहेर जावे लागते, तेव्हा ती आखूड धावपट्टी हीच त्याची जीवनरेखा असते. माँटसेराटचा सूफ्रिएर हिल्स ज्वालामुखी १९९५ मध्ये जागा झाला, १९९७ मध्ये त्याने विमानतळ नष्ट केला आणि राजधानी प्लिमथ राखेखाली गाडली. पुढे २००५ मध्ये नवी धावपट्टी सुरू होईपर्यंत त्या बेटाला हेलिकॉप्टर आणि बोटीवर विसंबावे लागले. अशा ठिकाणी उड्डाणाला हिंसा म्हणणे हा दुराग्रह होईल. परंतु जैन आचारशास्त्रानेही तसे म्हटलेले नाही. दिग्व्रताबरोबरच्या गुणव्रतांत अनर्थदंडव्रतही आहे. अनर्थदंड म्हणजे ज्यातून काही प्रयोजन साधत नाही अशी हिंसा. तिच्या पाच प्रकारांपैकी प्रमादचर्या या प्रकारात समंतभद्र माती, पाणी, अग्नी आणि वारा यांची निष्कारण ढवळाढवळ, झाडे विनाकारण तोडणे आणि त्यांच्या जोडीला निष्प्रयोजन हिंडणे व दुसऱ्याला हिंडवणे यांची गणना करतात. हिंडणे आणि अग्नी पेटवणे एकाच ओळीत आले आहे, हे आजच्या वाचकाला चकित करील, कारण जेट इंजिनात या दोन्ही गोष्टी एकच होतात. २०२३ या एका वर्षात जगभरातील खासगी विमानांनी सुमारे १ कोटी ५६ लाख टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला, आणि त्यांची जवळजवळ निम्मी उड्डाणे ५०० किलोमीटरांहून कमी अंतराची होती. तापणाऱ्या समुद्रावर अधिक बळकट होणारी चक्रीवादळे या बेटांवरच आदळतात. रुग्णाचे उड्डाण आणि सूर्यास्ताचे उड्डाण यांतील भेद इंधनाच्या हिशेबात दिसत नसला, तरी धर्माच्या हिशेबात तोच निर्णायक आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे: श्रीमंत पाहुणा येतो म्हणून बेटे जगतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. कारण पाहुण्याच्या सोयीने बेटाचा आकारच बदलू लागतो. मस्टिक हे बेट १९५८ मध्ये एका ब्रिटिश उमरावाने ४५,००० पौंडांना विकत घेतले आणि पाहता पाहता ते निवडक धनवंतांचे विश्रामस्थान झाले. बार्बुडाची कथा याहून बोलकी आहे. तेथे १८३४ मध्ये गुलामगिरी संपल्यानंतर मुक्त झालेल्या लोकांनी जमीन खासगी मालकीत वाटून न घेता सामाईक ठेवली, आणि २००७ च्या कायद्याने त्या प्रथेला मान्यता मिळाली. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळाने बेट उद्ध्वस्त केले, सर्व रहिवाशांना अँटिग्वाला हलवावे लागले, आणि त्यानंतरच्या काही महिन्यांतच मोठ्या विमानांसाठी नव्या विमानतळाची जमीन साफ होऊ लागली. रहिवासी न्यायालयात गेले. २०२४ च्या फेब्रुवारीत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने त्यांना आव्हान देण्याचा अधिकार आहे असा निर्णय दिला, पण तोवर धावपट्टी झालेली होती आणि त्याच वर्षी विमानतळ सुरूही झाला. क्षेत्रवृद्धी हा शब्द व्रताच्या पोथीतून बाहेर काढून येथे ठेवला, तर तो परका वाटत नाही.

तिसरी शंका भारतीय परंपरेच्या आतूनच येते. हिंदू धर्मशास्त्राच्या मध्ययुगीन निबंधग्रंथांनी समुद्रयान कलिवर्ज्य ठरवले, म्हणजे कलियुगात निषिद्ध मानले, आणि परदेशी जाऊन आलेल्यांना बहिष्कार व प्रायश्चित्ते सोसावी लागली, हा इतिहास महाराष्ट्राला चांगला ठाऊक आहे. दिग्व्रत हे त्याच बेडीचे दुसरे नाव नव्हे काय? नव्हे. समुद्रबंदी जातीने लादली होती, तिचा विषय जाणाऱ्याची शुद्धी हा होता आणि दुर्बलाला ती अधिक जाचत असे. दिग्व्रत व्यक्ती स्वतः घेते आणि त्याचा विषय इतर जीवांची सुरक्षितता हा आहे. शिवाय जाण्याचे सामर्थ्य ज्याच्याजवळ आहे त्याच्याच बाबतीत या व्रताला अर्थ प्राप्त होतो. कॅरिबियन बेटांवर ४० लाखांहून अधिक आफ्रिकी माणसे साखळदंडांत आणली गेली. त्यानंतर ऊसमळ्यांसाठी करारबद्ध भारतीय मजूर आले, त्यांतले त्रिनिदादला जाणारे पहिले जहाज, फतेल रझाक, ३० मे १८४५ रोजी किनाऱ्याला लागले. या लोकांना मर्यादेचा उपदेश करणे निर्दयपणाचे ठरले असते. ज्याच्या दाराशी विमान उभे आहे, त्याला मात्र तो करावा लागतो. खुद्द जैन समाजातही हा प्रश्न मिटलेला नाही: वाहनाला स्पर्श न करणाऱ्या साधुसंघातून मुनी चित्रभानू १९७० मध्ये आणि मुनी सुशीलकुमार १९७५ मध्ये विमानाने परदेशी गेले तेव्हा मोठा वाद झाला, आणि १९८० मध्ये आचार्य तुलसींनी तेरापंथ या जैन संप्रदायात समण-समणींची जी नवी श्रेणी निर्माण केली, तिला प्रयोजनपूर्वक प्रवासाची मुभा दिली. मुभा दिली गेली ती प्रयोजनाला, आणि हा विवेकच या परंपरेचे बळ आहे.

या सर्वांमागे जैन विश्वरचनेतील एक चित्र आहे, आणि ते नेमके बेटांचेच आहे. मध्यभागी एक लाख योजने व्यासाचा जंबुद्वीप, त्याभोवती लवणसमुद्र, मग पुन्हा द्वीप, पुन्हा समुद्र, आणि प्रत्येक वलय आधीच्याच्या दुप्पट रुंद. या हिशेबाने आठवा द्वीप, नंदीश्वर, १६३ कोटी ८४ लाख योजने रुंद होतो. तिथे ५२ शाश्वत जिनमंदिरे आहेत, आणि कार्तिक, फाल्गुन व आषाढ महिन्यांतील अष्टाह्निक पर्वात देव तिथे पूजेला जातात. कोल्हापूर-सांगली भागातील दिगंबर जैन हे पर्व पाळतात ते आपल्या गावातील मंदिरात बसून, कारण मनुष्याची गती मानुषोत्तर पर्वतापाशी, म्हणजे अडीच द्वीपांच्या टोकाला, संपते. विमानाने द्वीपामागून द्वीप ओलांडत जाण्याची कल्पना तेव्हा या परंपरेला अपरिचित नव्हती. ती तिने देवांना दिली. आणि त्याच देवांविषयी तिने असेही सांगितले की त्यांना व्रत घेता येत नाही. ते अविरत आहेत, म्हणजे संयमाचा नियम त्यांच्याकडून पाळला जात नाही, म्हणून कितीही दूर जाऊ शकले तरी मोक्षासाठी त्यांना मनुष्यजन्मच घ्यावा लागतो. अमर्याद गती आणि व्रत यांची गाठ या दर्शनात पडत नाही.

याच रचनेत भोगभूमी आणि कर्मभूमी असा भेद आहे. भोगभूमीत कल्पवृक्ष हवे ते देतात, श्रम नसतात, आणि तिथेही व्रत नाही, मोक्ष नाही. कर्मभूमीत शेती, शिल्प, व्यापार करून जगावे लागते आणि तिथेच मुक्तीची वाट आहे. कॅरिबियन बेटे प्रवाशाला भोगभूमी म्हणून दाखवली जातात. पण साबावर रस्ता होणे अशक्य आहे असे तज्ज्ञांनी सांगितल्यावर जोसेफस लँबर्ट हॅसेल यांनी टपालाने स्थापत्याचा अभ्यासक्रम पुरा केला आणि गावकऱ्यांनी हातांनी डोंगर फोडून तो रस्ता बांधला. त्रिनिदादमध्ये वॉटरलू येथे सिवदास साधू या ऊसमळ्यातील मजुराने बांधलेले देऊळ, जमीन साखर कंपनीची म्हणून, १९५२ मध्ये पाडले गेले आणि त्यांना तुरुंगवास भोगावा लागला. तेव्हा कोणाच्याही मालकीचा नसलेल्या समुद्रात, सायकलवरून दगडमाती वाहून, ओहोटीच्या वेळा साधत, त्यांनी सुमारे पाव शतक खपून नवे देऊळ उभे केले. अशी भूमी वरून ओझरती पाहण्याची नाही. तिच्याकडे जाण्यास कोणाला खरे प्रयोजन असेल तर त्याने अवश्य जावे, राहावे, तिथल्या माणसांचे ऐकावे; नसेल तर सीमा आखावी. सीमेसाठी खुणा कोणत्या घ्याव्यात हेही समंतभद्रांनी सांगून ठेवले आहे: समुद्र, नदी, अरण्य, पर्वत, देश आणि योजने, त्यांतही सर्वांना माहीत असलेल्या. त्या यादीत समुद्र पहिला आहे.