आधी मान वर करा

ज्यांच्या अंगणातलं झाड विजेच्या तारेला टेकलंय, त्यांनी हात वर करा. लाजू नका. नांदेडच्या तरोड्यातले, सिडकोतले, लातूरच्या औसा रोडवरचे, अंबाजोगाई रोडवरचे, सगळ्यांना मी ओळखतो. विज्ञान मीच शिकवलंय तुम्हाला. सुवाहक-दुर्वाहकाच्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण घेतलेत आणि आता घर बांधल्यावर कंपाउंडला लागून, नेमकी लाईनखाली, अशोकाची रांग लावून बसलात. का रे? खड्डा खणताना मान वर करून बघायला काय झालं होतं?

पावसाळ्याआधी महावितरणची माणसं फांद्या छाटायला येतात, तेव्हा फाटकात आडवं कोण येतं? तुम्हीच. ‘पोरासारखं वाढवलंय, हात लावायचा नाही.’ लाईनमन मुकाट्यानं पुढच्या गल्लीत जातो. मग मे महिन्यात वळीव येतो, वावटळ उठते, फांदी दोन तारांवर एकदम आपटते आणि डीपीवरचा फ्यूज उडतो. सगळी गल्ली अंधारात. आता त्याच लाईनमनला भर पावसात फोन करून विचारता, ‘झोपलात का तुम्ही?’ जनाची नाही तर मनाची तरी ठेवा. खांबावर चढणार तो, अंधारात, ओल्या हातांनी. तुम्ही गॅलरीतून बॅटरी दाखवणार.

आता नीट ऐका, कारण हे तुम्ही शाळेत घोकलं होतं, समजून घेतलं नव्हतं. खांबावरची ती तार साधारणपणे उघडी असते. नुसतं ॲल्युमिनियम. काळपट दिसते म्हणून तिच्यावर प्लास्टिक आहे, असं तुमच्यातल्या निम्म्यांना वाटतं. वाळलं लाकूड वीज फारशी वाहून नेत नाही, हे खरं. पण हिरव्या फांदीत रस असतो, पावसात सालीवरून पाणी ओघळत असतं, आणि वरची लाईन 11 केव्हीची असेल, तर ते 11 हजार व्होल्ट. दुसरं, फांदी तारेला लागली की फ्यूज उडतोच, हे तुम्हाला कुणी सांगितलं? झाडातून जमिनीत जाणारा प्रवाह बऱ्याचदा फ्यूज उडवण्याइतका मोठा नसतो. लाईट सुरू, पंखा सुरू, आणि खाली झाडाच्या बुंध्यात करंट. त्याच बुंध्याला तुम्ही कपड्यांची दोरी बांधता. तारेची दोरी असली तर मग विचारायलाच नको.

उन्हाळ्यात तार तापते, लांबते आणि खाली झोळते. आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो, तेव्हा हिवाळ्यात जे अंतर होतं ते राहत नाही. फांदी मात्र वरच जात असते. घरासाठी नियम ठरलेला आहे : लघुदाबाची तार छपरापासून सरळ वर अडीच मीटर, बाजूला 1.2 मीटर. 11 केव्हीची असेल तर वर 3.7 मीटर, बाजूला तेच 1.2. ही भिंतीची गोष्ट झाली, आणि भिंत डुलत नाही, वाढत नाही. झाड दोन्ही करतं. तेव्हा त्याच्यासाठी याहून जास्त सोडा.

परवा एकाच्या घरी चहाला गेलो. मालक गच्चीवर. हातात नळाचा जुना लोखंडी पाइप, टोकाला वाकवलेली सळई. झाली आकडी तयार. शेवग्याच्या शेंगा तारेच्या पलीकडे लोंबत होत्या आणि हा तारेवरून पाइप नेत होता. ‘सर, काळजी नको, पायात रबरी चप्पल आहे.’ खाली हॉलमध्ये त्याचं लेकरू नीटची तयारी करत विद्युतधारेची गणितं सोडवत होतं. याला म्हणायचा लातूर पॅटर्न! मी चहा न घेता आधी त्याला खाली उतरवलं. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, वाऱ्यात पटकन मोडणारं. ते झाड तारेजवळ लावणं हीच पहिली चूक. दुसरी ती आकडी. पाडव्याला कडुनिंबाची डहाळी काढायला पोराला झाडावर चढवणारे, आंब्याचा झेला लोखंडी नळीला बांधणारे, तुम्हीही हसू नका.

‘मग मीच तोडून टाकतो’ म्हणणारा शूरवीर कोण तो? खाली बस. तारेजवळच्या फांदीला हात लावायचा तो लाईन बंद करून, परमिट घेऊन, महावितरणच्या माणसानंच. रोजंदारीवर आणलेल्या गड्याला पाचशे रुपये देऊन वर चढवायचा तुम्हाला काही एक अधिकार नाही. आणि झाड बुंध्यातूनच काढायचं असेल, तर शहरात 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. आधी महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करा. 2003 च्या वीज कायद्यातलं 68 वं कलमही वाचा एकदा. तारेला अडथळा करणारं झाड काढायचा आदेश होऊ शकतो, आणि भरपाई मिळते ती झाड तारेच्या आधीपासून उभं असेल तरच. तुमची तार आधीची, झाड मागून आलेलं. हात पसरायला जागा नाही.

आता कुणीतरी पुटपुटलं, ‘सर झाडांच्या विरोधात बोलायला लागले.’ अरे, लातूर जिल्ह्यात वनाच्छादन एक टक्काही नाही. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं या शहराला. झाड हवंच. म्हणून तर चिडतो. तारेखाली लावलेला गुलमोहर दरवर्षी शेंड्यावरून भादरला जातो. मग त्या थोट्या ठिकाणी सरळसोट पालवी फुटते, तिची पकड कच्ची असते आणि पुढच्या वळवात पहिल्यांदा तीच मोडते. ते झाड तुम्ही जगवलं नाही, त्याचे हाल केलेत. तारेखाली सीताफळ लावा, डाळिंब लावा, कढीपत्ता, तगर, जास्वंद लावा. कडुनिंब, गुलमोहर, देशी बदाम तारेपासून पंचवीस-तीस फूट दूर. प्लॉटमध्ये तेवढी जागा नसेल, तर ते झाड तुमच्या प्लॉटचं नाही. शाळेच्या मैदानावर लावा, मी पाणी घालीन.

आणि वादळात तार तुटून खाली पडलीच, तर काठीनं बाजूला सारायला जायचं नाही. मेली असेल, असं धरून चालायचं नाही. तीस-पस्तीस फूट लांब राहायचं, लेकरांना आणि जनावरांना अडवायचं, 1912 ला फोन लावायचा. त्यातही तारेच्या अगदी जवळ सापडलात, तर लांब ढांगा टाकत पळू नका. जमिनीत करंट पसरलेला असतो, दोन पायांतलं अंतर वाढलं की शरीरातून जातो. पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, घासत घासत मागे सरका.

मागच्या बाकावरून काय आवाज आला? ‘झाड माझं नाही सर, शेजाऱ्याचं आहे.’ बरं. फांदी कुणाच्या तारेला घासते? तुझ्या घरची सर्व्हिस वायर त्याच खांबावरून येते ना? मग आज संध्याकाळी त्याच्या घरी जा, गोडीनं सांग. नाही ऐकलं तर महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज दे आणि पोच घे. भांडण होईल म्हणून गप्प बसणार असशील, तर मला सांग, मी येतो. तोही माझाच विद्यार्थी आहे.