वृद्ध माता-पित्यांचे वतन

ईदनंतरच्या तिसऱ्या-चौथ्या रात्री परभणीच्या रेल्वे स्थानकावर गेलात तर एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. मुंबईकडे जाणाऱ्या देवगिरी एक्स्प्रेसच्या प्रतीक्षेत तरुण कुटुंबे उभी असतात. सामानात तूरडाळीची पिशवी, लोणच्याची बरणी, उरलेल्या शेवया. बाकावर एक वृद्ध दांपत्य बसलेले असते. मुलगा म्हणतो, “अब्बा, या खेपेला आमच्यासोबत चलाच.” वडील म्हणतात, “पुढच्या ईदला बघू.” हेच दोन वाक्यांचे संभाषण मागच्या ईदलाही झालेले असते आणि ते दोघांनाही आठवत असते. गाडी येते, डब्याच्या दारात घाईघाईने सलाम होतो आणि दोघे वृद्ध रिक्षाने मोहल्ल्यात परततात.

वाचकहो, या दृश्यात दोषी कोण, हे आपण फार लवकर ठरवून टाकतो. आई-वडिलांना सोबत नेणारा तो सुपुत्र आणि गावी ठेवणारा तो कृतघ्न, असा सरळ हिशेब आपल्या बैठकांतून आणि कधी कधी जुम्याच्या भाषणांतूनही मांडला जातो. मला हा हिशेब अपुरा वाटतो. काही घरांत आई-वडिलांना सोबत आणणे हीच सर्वांत मोठी सेवा असते आणि काही घरांत त्याच कृतीने त्यांचे उरलेसुरले सर्वस्व हिरावले जाते. फरक कोठे पडतो, याचा विचार शरियतच्या प्रकाशात केला पाहिजे.

सूरह बनी इस्राईलच्या २३ व्या आणि २४ व्या आयतींत अल्लाहने आपल्या उपासनेच्या आज्ञेला लागूनच माता-पित्यांशी सद्वर्तनाची आज्ञा दिली आहे. त्यांच्या वार्धक्यात त्यांना ‘उफ्’ देखील म्हणू नये, त्यांच्याशी आदराने बोलावे आणि दयेने त्यांच्यापुढे नम्रतेचे पंख झुकवावेत, असा या आयतींचा आशय आहे. तो आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असतो. मात्र तेथील ‘इंदक’ या लहानशा शब्दाकडे लक्ष थोडे जाते. त्याचा अर्थ ‘तुझ्यापाशी’. आई-वडिलांपैकी एक किंवा दोघे तुझ्यापाशी वृद्धत्वाला पोहोचले तर, अशी ती शब्दयोजना आहे. वार्धक्य हे अपत्याच्या सान्निध्यात घडावयाचे आहे, हे येथे गृहीतच धरलेले दिसते. दरमहा पैसे पाठवणे हे पुण्यकर्म आहे, यात शंका नाही. तथापि ‘उफ्’ न म्हणण्याची कसोटी पैसे पाठवणाऱ्यावर कधी येतच नाही. रात्री तीनदा उठून पाणी देणाऱ्यावरच ती येते.

एक माणूस प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सेवेत आला आणि म्हणाला की, मी हिजरतची शपथ घेण्यासाठी आलो आहे आणि आई-वडिलांना रडत सोडून आलो आहे. प्रेषितांनी (स.) त्याला परत पाठवले आणि जसे त्यांना रडवले तसे आता हसवण्यास सांगितले. अबू दाऊद आणि नसाई यांच्या संग्रहांत ही हदीस आहे. हिजरतसारख्या महान कर्मासाठी निघालेल्यालाही परत पाठवले गेले. मग भिवंडीच्या लूमवर किंवा पुण्याच्या कंपनीत निघालेल्याचे काय? आपल्या जिल्ह्यातील मूल रोजीसाठी जाते आणि हलाल रोजीसाठी जाणे हेही कर्तव्यच आहे. निजामी राजवटीत आपली माणसे हैदराबादेस जात. पुढे मुंबई, भिवंडी, औरंगाबाद आणि पुणे आले, नंतर आखाती देश आले. जाणाऱ्याला दोष देता येत नाही. पण गेल्यानंतर जो स्थिरावला, ज्याचे स्वतःचे छप्पर झाले, त्याच्यापुढे तो प्रश्न पुन्हा उभा राहतो.

पवित्र कुरआनात परदेशी स्थिरावलेल्या पुत्राने वृद्ध माता-पित्यांना आपल्याकडे आणल्याची एक कथा सविस्तर आली आहे. ह. यूसुफ (अलै.) मिस्रमध्ये अधिकारपदावर होते आणि दुष्काळात धान्याची कोठारे त्यांच्या हाती होती. ते पद सोडून कनआनला परतणे शक्य नव्हते. त्यांनी भावांजवळ आपला सदरा दिला आणि निरोप पाठवला. त्या निरोपात केवळ वडिलांना आणा असे नव्हते. आपल्या सर्व कुटुंबीयांना घेऊन या, असे होते. ह. याकूब (अलै.) एकटे उचलून आणले गेले नाहीत. त्यांचे सारे गणगोत त्यांच्यासोबत आले. आल्यावर यूसुफ (अलै.) यांनी माता-पित्यांना आपल्याजवळ जागा दिली, शांततेने व निर्भयपणे मिस्रमध्ये प्रवेश करण्यास सांगितले आणि त्यांना सिंहासनावर बसवले.

आता आपल्याकडील चित्र पाहा. परभणीच्या मोहल्ल्यात चाळीस वर्षे फजरच्या नमाजनंतर त्याच हॉटेलच्या त्याच बाकावर चहा पिणारा माणूस मुंब्र्याच्या तिसऱ्या मजल्यावर आणला जातो. लिफ्ट नाही, गुडघे चालत नाहीत, म्हणून खालची मशीद आठवड्यातून एकदाच घडते. नातवंडे शाळा आणि ट्यूशनमध्ये, सून-मुलगा कामावर. दिवसभर टी.व्ही. आणि भिंत. सिंहासनाचा अर्थ खुर्ची नव्हे. ज्या जागी बसलेल्या माणसाच्या शब्दाला घरात वजन असते, ती जागा म्हणजे सिंहासन. आपण आई-वडिलांना घरात जागा देतो. तिचे वजन फारच थोडे लोक देतात.

दुसरे उदाहरण ह. अबू बकर सिद्दीक (रजि.) यांच्या घरातील आहे. त्यांनी मदीनेस हिजरत केली तेव्हा त्यांचे वृद्ध, दृष्टी गेलेले पिता अबू कुहाफा मक्केतच राहिले. हिजरी सन ८ मध्ये मक्का विजयाच्या वेळी अबू बकर (रजि.) त्यांना हाताला धरून प्रेषितांकडे (स.) घेऊन आले. तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारले की, या वृद्धाला घरीच का राहू दिले नाही, मीच त्यांच्याकडे आलो असतो. त्यानंतरही अबू कुहाफा (रजि.) मक्केतच राहिले. पुत्र खलीफा झाला तरी ते मदीनेस राहावयास गेले नाहीत. इब्ने सअद यांनी नोंदवले आहे की, खिलाफतीच्या काळात अबू बकर (रजि.) उमऱ्यासाठी मक्केस आले तेव्हा वडील दारात बसले होते. पुत्र आल्याचे कळताच ते उठू लागले, तेव्हा वडिलांना उठावे लागू नये म्हणून खलीफा उंट पूर्ण खाली बसण्याआधीच उतरून धावले.

एका पित्याला पुत्राने आणले, दुसरा आपल्या उंबरठ्यावरच राहिला आणि पुत्र त्याच्याकडे गेला. दोन्ही पुत्रांच्या आज्ञाधारकतेवर कोणी संशय घेणार नाही. तेव्हा स्थलांतर हा सेवेचा निकष होऊ शकत नाही. मग निकष कोणता? वडील कोणाच्या इच्छेने कोठे राहतात, हा.

याच संदर्भात एक प्रसंग सांगतो. आमच्या परिचयातील एक वृद्ध गृहस्थ मुलाकडे मुंब्र्यास गेले होते. परभणीतील घर विकून तेथील रूमचे उरलेले पैसे भागवावेत, असे मुलाच्या मनात होते. वडिलांनी हो म्हटले होते, नाही म्हटले नव्हते. एक दिवस ते मशिदीत मौलाना साहेबांना विचारू लागले, “माझे घर विकले गेल्यावर मी चार दिवसांसाठी परभणीला गेलो, तर नमाज पूर्ण पढायची की कस्र करायची?” हनफी फिक्हचा हा साधा मसला आहे. जेथे माणूस पंधरा दिवस किंवा अधिक राहण्याचा संकल्प करतो तेथे तो मुकीम होतो. पण वतने-असलीत तो एका वेळेसाठी गेला तरी पूर्ण नमाज पढतो. मात्र जुने वतन कायमचे सोडून तो कुटुंबासह दुसरीकडे स्थायिक झाला, तर पहिले वतन वतन राहत नाही आणि तेथे अल्पकाळासाठी गेल्यास तो मुसाफिर ठरतो. मौलाना साहेबांनी तेच सांगितले. वृद्ध गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे माझ्या बापाच्या कबरीवर मी दोन रकात पढणारा प्रवासी होऊन जाणार.” (कबरस्तानात नमाज पढत नाहीत हे त्यांनाही ठाऊक होते, बोलण्याच्या ओघात ते तसे म्हणाले.)

मुलाने त्यांना फसवले नव्हते. तो रात्रीची पाळी करून त्यांना दवाखान्यात नेत असे. त्याने फक्त विचारले नव्हते. आपल्या समाजात वडिलांचा ‘हो’ पुष्कळदा मुलाला अडचण होऊ नये म्हणून असतो. ‘उफ्’ न म्हणण्याची आज्ञा मुलाला आहे, पण प्रत्यक्षात ती बहुधा आई-वडीलच पाळताना दिसतात.

घराच्या विक्रीबाबत कायद्याचाही एक मुद्दा येथे सांगणे इष्ट आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेऊन नंतर सांभाळ न केल्यास ते हस्तांतरण रद्दबातल ठरवता येते. निर्वाहासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. मूळ कायद्यात निर्वाह-रकमेची मर्यादा दरमहा १०,००० रुपयांपर्यंत आहे, आणि पुत्राप्रमाणे कन्येवरही जबाबदारी आहे. हनफी फिक्हमध्येही गरजू माता-पित्यांचा खर्च मुलगा आणि मुलगी दोघांवर येतो. ‘मुलगी परक्या घरची’ हा नियम शरियतचा नाही.

आणि सुनेचे काय? या प्रश्नावर आपले धार्मिक लेखन बहुधा मौन पाळते. सासू-सासऱ्यांची सेवा सुनेवर कायद्याने बंधनकारक नाही. ती केली तर तो तिचा एहसान आहे आणि अल्लाहपाशी त्याचा मोठा मोबदला आहे. फर्ज आहे ते पुत्रावर. शिवाय पत्नीला स्वतंत्र निवासाचा हक्क फिक्हने दिलेला आहे. जो पुरुष आईला घरी आणतो आणि तिचे अंथरूण, पथ्य, औषध सारे पत्नीच्या हाती सोपवून स्वतः ‘जन्नत आईच्या पायाखाली’ असल्याचे सांगत फिरतो, तो दुसऱ्याच्या श्रमावर स्वतःचे पुण्य गोळा करू पाहतो. आईला आणण्यापूर्वी त्याने पत्नीशी बोलावे, घरकामातील आपला वाटा ठरवावा, रात्रीचे उठणे स्वतःकडे घ्यावे. अल-अदब-अल-मुफ्रद या संग्रहात ह. इब्ने उमर (रजि.) यांचा प्रसंग आहे. एक यमनी माणूस आईला पाठीवर घेऊन काबागृहाची परिक्रमा करीत होता. आईचे ऋण फिटले काय, असे त्याने विचारले, तेव्हा प्रसूतीतील एका कळेचेही नाही, असे उत्तर मिळाले. आपल्या मुलुखात कावडीत माता-पित्यांना वाहणाऱ्या श्रावणाची कथा घरोघरी ठाऊक आहे. महाराष्ट्र शासनाने ६५ वर्षांवरील निराधारांच्या निवृत्तिवेतन योजनेलाही त्याचेच नाव दिले आहे. दोन्ही कथांत ओझे पुत्राच्या स्वतःच्या खांद्यावर आहे, हे विसरू नये.

आखातात असलेल्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांनी न्यायचे म्हटले तरी राज्यांचे नियम आड येतात. सौदी अरबस्तानात जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या प्रत्येक अवलंबितामागे दरमहा १०० रियाल शुल्क सुरू झाले आणि वाढत वाढत २०२० मध्ये ते ४०० वर गेले; पुष्कळांनी तेव्हा बायका-मुलांनाही मायदेशी पाठवले. ब्रिटनने जुलै २०१२ पासून वृद्ध माता-पित्यांना आणण्याच्या अटी इतक्या कडक केल्या की, दैनंदिन कामांसाठी दीर्घकाळ दुसऱ्याच्या आधाराची गरज आहे आणि तो आधार मायदेशी मिळूच शकत नाही, हे सिद्ध करावे लागते. अशा ठिकाणी पुत्राचे उत्तरदायित्व त्याच्या सामर्थ्याइतकेच. अल्लाह कोणावर त्याच्या शक्तीबाहेरचे ओझे टाकत नाही. पण सामर्थ्य नसणे आणि सोय नसणे यांतील फरक ज्याचा त्याला माहीत असतो.

गंगाखेड, पालम, सोनपेठकडून मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्यांचाही येथे विचार व्हावा. ती साखर कारखान्यांच्या परिसरात पाचटाच्या कोपीत राहतात. तेथे आई-वडिलांना कोठे न्यायचे? म्हातारी माणसे गावात नातवंडे सांभाळीत पाच-सहा महिने काढतात. या घरांना सद्वर्तनाचे प्रवचन देण्यापेक्षा त्या काळात त्या वृद्धांच्या चुलीकडे आणि औषधाकडे गावातील मशिदीच्या जमाअतने लक्ष द्यावे, हे अधिक न्याय्य होईल. शेजाऱ्याचा हक्क हाही दीनचाच भाग आहे.

आणखी एक प्रथा आहे, जिचा मला राग येतो. दोन-तीन भाऊ आई-वडिलांना महिने ठरवून वाटून घेतात. कधी आई एकाकडे, वडील दुसऱ्याकडे. पन्नास वर्षे एकत्र काढलेल्या दांपत्याला वार्धक्यात वेगळे करण्याची परवानगी यांना कोणी दिली? सूरह यूसुफमध्ये माता-पिता दोघे एकाच सिंहासनावर बसले आहेत.

माझे स्वतःचे सांगतो. वडिलांच्या निधनानंतर मी अम्मींना औरंगाबादेस आणले. खोली दिली, पलंग दिला, औषधे वेळेवर दिली. अकराव्या महिन्यात त्या आजारी पडल्या आणि डॉक्टरांना आजार सापडेना. शेवटी मी जवळ बसून विचारले की, तुम्हाला कोठे राहायचे आहे? हा प्रश्न अकरा महिन्यांपूर्वी विचारायचा होता. त्या म्हणाल्या, “तुझ्याजवळ. पण जिंतूरमध्ये.” ते मला शक्य नव्हते आणि त्यांनाही ते माहीत होते. मग आम्ही असे ठरवले: उन्हाळा आणि रमजान जिंतूरला, जुन्या घरात, माझी बहीण शेजारी, पावसाळा आणि थंडी माझ्याकडे. घर विकले नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी जातो. बस मोंढ्याजवळ थांबते तेव्हा त्या दारात येऊन उभ्या असतात. मी अनेकदा सांगितले की उभ्या राहू नका, पण त्या ऐकत नाहीत, म्हणून आता मीच बसमधून उतरल्यावर भरभर चालतो.