पाहणाऱ्याचा वाटा

अमेरिकन लेखिका सुझन कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ ही कादंबरी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०१२ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. तरुणांचे पुस्तक म्हणून वडीलधारी मंडळी ती बाजूला ठेवतात. परंतु तिच्यातील प्रश्न ख्रिस्ती विवेकाला टाळता येण्याजोगा नाही.

कथेतील राष्ट्राचे नाव पॅनेम. हा लॅटिन शब्द भाकरीचा. भाकर आणि खेळ मिळाले की संतुष्ट होणाऱ्या आपल्या लोकांचा उपहास रोमन कवी जुव्हेनल याने केला; नाव तेथून आले आहे. प्रभूच्या प्रार्थनेच्या लॅटिन भाषांतरात रोजच्या भाकरीसाठीही हाच शब्द आहे. पॅनेममध्ये मात्र या भाकरीसाठी जीव तारण ठेवावा लागतो. बारा जिल्ह्यांतून दरवर्षी चिठ्ठ्या टाकून १२ ते १८ वयाचा एकेक मुलगा व मुलगी निवडली जाते. ही २४ मुले आखाड्यात एकमेकांना मारतात, एकच उरते, आणि राजधानी ते दूरचित्रवाणीवर पाहून उत्सव करते. चिठ्ठी सर्वांना सारखी, असे भासते. पण आपल्या नावाची आणखी एक चिठ्ठी टाकू देणाऱ्या मुलाला एका माणसापुरते वर्षाचे थोडे धान्य व तेल मिळते. कोळशाच्या खाणींच्या जिल्ह्यातील गेल या अठरा वर्षांच्या मुलाच्या नावाच्या ४२ चिठ्ठ्या आहेत. जेथे भूक, तेथे चिठ्ठ्या अधिक.

येथवर दोष राज्यकर्त्यांचा. पण पाहणाऱ्याचे काय? त्याने तर शस्त्र उगारलेले नाही!

संत ऑगस्टीन यांनी ‘कन्फेशन्स’मध्ये आपला मित्र अलिपियस याची हकिकत दिली आहे. सोबत्यांनी त्याला बळेच रोमच्या आखाड्यात नेले. आपले मन तेथे जाणार नाही, अशा निश्चयाने तो डोळे मिटून बसला. इतक्यात लोकांची आरोळी उठली, त्याने डोळे उघडले, आणि त्याच्या आत्म्याला योद्ध्याच्या देहाहून खोल जखम झाली. मग तो इतरांनाही तेथे नेऊ लागला. मी त्याला दोष कसा देऊ? पुढे कोण मरणार, या उत्सुकतेने या कादंबरीची पाने मीही उलटली आहेत.

भाषांतर करताना १ करिंथ ४:९ येथे माझी लेखणी थबकते. प्रेषित जगाला ‘थिएट्रॉन’ झाले आहेत, असे पौल म्हणतो. ‘तमाशा’ लिहावे, तर ढोलकी ऐकू येते. ‘देखावा’ फार सौम्य वाटतो. शब्द कोणताही घेतला, तरी पौलाची जागा ठरलेली आहे. तो मरणास नेमलेल्यांबरोबर खाली वाळूत उभा आहे, वर प्रेक्षकांच्या आसनांवर नाही.

मग पाहूच नये काय? लूक २३:४८ मध्ये वधस्तंभाजवळ देखावा पाहण्यास जमलेला समुदाय आहे. तोही प्रेक्षकच, पण घडले ते पाहून तो ऊर बडवीत परतला. दुसऱ्याचे दुःख पाहून आपण टाळ्या वाजवीत परततो की ऊर बडवीत, यावरून आपला न्याय होईल. आणि आपले आसन कोणाच्या भुकेवर उभे आहे, हे तेथून उठण्यापूर्वी एकदा तरी विचारले पाहिजे.

अलिपियस पुढे बिशप झाला. उघडलेले डोळे देवाने फुकट जाऊ दिले नाहीत.