एका मिलिमीटरचा लौकिक

आमच्याकडं बांधावरून जेवढी भांडणं होतात तेवढी सोन्यावरून होत नाहीत. वीतभर बांध कोरला म्हणून भाऊ भावाचं तोंड बघत नाही. त्यामुळं रेघेचा सामना म्हटला की माझं लक्ष लागतंच.

२०२२ च्या १ डिसेंबरला कतारमध्ये वर्ल्डकपात जपान आणि स्पेन खेळत होते. चेंडू गोलाशेजारच्या रेघेपलीकडं निघालाच होता. मधल्या फळीतला काओरू मितोमा जीव खाऊन धावला आणि चेंडू मागं ओढला. तानाकानं तो गोलात घातला. जपान २-१ जिंकलं. त्या एका गोलानं तिकडं जर्मनीचंही चंबूगबाळं आवरलं.

दुसऱ्या दिवशी नातवानं मोबाइलवर फोटो दाखवला. "आबा, सांगा, चेंडू आत का बाहेर?" बाजूनं बघितलं तर बाहेरच; चेंडू आणि रेघ यांच्यामधी हिरवं गवत दिसतंय. वरून काढलेल्या फोटोत मात्र चेंडूचं पोट रेघेवर आलेलं. नियम असा की सगळा चेंडू सगळी रेघ ओलांडून गेला तरच बाहेर. म्हणजे आंब्याचं खोड शेजाऱ्याच्या रानात, पण फांदी आपल्या बांधावर. फक्त इथं फांदीवरून भांडायची सोय नाही, कॅमेरा सांगेल ते खरं.

तो फोटो जगभर फिरला. जपान्यांनी त्याला 'मितोमाचा एक मिलिमीटर' असं नावच दिलं. ज्यांनी कधी फुटबॉल बघितला नाही त्यांच्याही मोबाइलवर हा गडी पोचला. माझ्यावरून सांगतो.

आता मला पडलेला प्रश्न असा, की हा लौकिक नक्की कुणाचा? धाव त्याची, कबूल. पण तो मिलिमीटर? तेवढाच चेंडू पलीकडं असता तर पाय तेच, दम तोच, आणि फोटो कुणी काढूनसुद्धा ठेवला नसता. शेतकऱ्याला हे नवीन नाही. पाऊस वेळेवर आला की आपण प्रगतशील शेतकरी, गळ्यात हार. पुढच्या साली गारपीट झाली की तेच लोक पारावर म्हणतात, ह्याला शेतीतलं काय कळतंय? मशागत दोन्ही साली सारखीच असते.

मितोमाला तर सालभरसुद्धा थांबावं लागलं नाही. चारच दिवसांनी, ५ डिसेंबरला, क्रोएशियाविरुद्ध पेनल्टीवर त्याचा चेंडू गोलकीपरनं अडवला. मिनामिनो आणि योशिदा यांचेही अडवले. जपान घरी. नातू म्हणाला, "हुकलं की हो सगळं." मी म्हटलं, "चार दिवसांत माणूस बदलतो व्हय रे?"

नशिबाचं माप माणसाला लावू नये असं मला वाटतं. पण मग लावायचं कुठलं? मी त्याच्या जुन्या गोष्टी नातवाकडून वाचून घेतल्या. अठराव्या वर्षी त्याला कावासाकीच्या संघानं व्यावसायिक म्हणून बोलावलं होतं. पैसा, नाव, सगळं दारात. त्यानं नाही म्हटलं आणि त्सुकुबा विद्यापीठात शिकायला गेला. तिथं त्यानं चेंडू पायात खेळवत पुढं कसं जावं यावरच प्रबंध लिहिला. सोबत्यांच्या डोक्याला छोटे कॅमेरे बांधून तपासलं, की चेंडू येताना नजर कुठं असते. चांगल्या खेळाडूची नजर चेंडूवर नसते, समोर असते, असं त्यात निघालं. आमचे बैल हाकणारे जुने गडी असेच, फाळाकडं बघत नसत.

मग २०२० मध्ये तो त्याच कावासाकीत गेला, पुढं इंग्लंडात ब्रायटनला. ती प्रबंधाची चार वर्षं कुणाच्या मोबाइलवर आली नव्हती.